मन झिजले तरी वर्ण का उरतो? अमेरिकेतील शुश्रूषागृहांच्या इतिहासातून काही प्रश्न

आमच्या अभ्यासवर्गात दर रविवारी येणारी एक कार्यकर्ती ब्यूरोमार्फत वृद्धांच्या सेवेचे काम करते. बारा तासांची ड्यूटी. गेल्या वर्षी ती ज्या घरी जात होती, तिथल्या आजींना स्मृतिभ्रंश होता. सकाळी जेवल्या की नाही हे त्यांना आठवत नसे, स्वतःच्या मुलाला त्या भाऊ समजत. पण दर दोन-तीन दिवसांनी त्या हिला नव्याने आडनाव विचारत आणि ते ऐकले की दर वेळी हिच्या हातचे पाणी नाकारत. एकदा पेला भिरकावला, तो हिच्या कपाळाला लागला. घरचे लोक ओशाळले. "आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नका," म्हणाले. हिने वर्गात येऊन आम्हाला विचारले, "पोटच्या पोराचे नाव विसरणारी बाई माझी जात कशी काय विसरत नाही?"

आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जात ही विटांच्या भिंतीसारखी वस्तू नाही, ती एक कल्पना आहे, मनाची अवस्था आहे, अशी मांडणी केली. ही मांडणी आपल्यातले अनेकजण, आणि आपले विरोधक तर हमखास, अर्धीच वापरतात. मनातच आहे ना, मग मन बदला, झाले! पण मनच झिजत चालले, त्यातली माणसे, वर्षे, गावे एकेक करून पुसली जाऊ लागली, तर त्या कल्पनेचे काय होते? ती आधी जायला हवी की शेवटी? आणि शेवटपर्यंत उरत असेल तर जाब कोणाला विचारायचा?

आपल्याकडे हे सारे चार भिंतींआड घडते आणि तिथेच जिरते. अमेरिकेत मात्र ते संस्थांमध्ये घडले, न्यायालयांपुढे आले, संशोधकांनी मोजले. म्हणून आम्ही तिकडचा इतिहास वाचायला घेतला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीचा अभ्यास अस्पृश्यांनी करणे स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे, असे बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. त्या सांगण्याचाच हा एक धागा आहे असे समजा.

आधी एक खुलासा. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की गल्लीतले बाळंतपणाचे छोटे रुग्णालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे ज्यांना उठवणे, भरवणे, न्हाऊ घालणे हे सगळे दुसऱ्याने करावे लागते अशा वृद्धांचे कायमचे निवासस्थान. इथे आम्ही त्याला शुश्रूषागृह म्हणू. तिथल्या रहिवाशांत स्मृतिभ्रंश झालेल्यांचे प्रमाण मोठे असते. आणि तिथे एक गोष्ट वारंवार घडते जी बाहेर फारशी बोलली जात नाही: एक रहिवासी दुसऱ्यावर ओरडतो, शिवी देतो, ढकलतो, मारतो. या भांडणांत वंश आणि वर्ण कुठून येतो, हा आपला विषय.

तो येतो त्या इमारतींच्या पायातूनच.

हॅरिएट टबमन यांचे नाव आपल्या वाचकांना सांगायला नको. स्वतः गुलामगिरीतून निसटल्यावर पुन्हा पुन्हा दक्षिणेत जाऊन त्यांनी इतरांना सोडवून आणले. पण म्हातारपणी त्या कशासाठी झगडत होत्या, हे फारसे सांगितले जात नाही. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न गावी त्यांनी १८९६ मध्ये आपल्या घराशेजारची २५ एकर जमीन लिलावात घेतली, कृष्णवर्णीय वृद्धांसाठी घर काढायचे म्हणून. पैसा पुरेना, तेव्हा १९०३ मध्ये ती जमीन आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चच्या स्वाधीन केली. १९०८ मध्ये ते घर उघडले. चर्चने प्रवेशासाठी शंभर डॉलर मागायला सुरुवात केली तशा त्या संतापल्या. ज्याच्यापाशी दमडी नाही त्यालाच आत घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. १० मार्च १९१३ रोजी त्या याच घरात वारल्या. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, त्याच राज्याच्या न्यूयॉर्क शहरात, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बोटीतून उतरले. योगायोगच, पण आम्हाला तो सोडवत नाही.

वेगळे घर का काढावे लागले? कारण गोऱ्यांच्या वृद्धाश्रमांची दारे बंद होती. उत्तरेतसुद्धा. फिलाडेल्फियात वृद्ध आणि अपंग कृष्णवर्णीयांसाठीचे घर १८६४ मध्येच निघाले. त्याला बळ देणारे स्टीफन स्मिथ हे गुलामीत जन्मलेले आणि लाकूड-कोळशाच्या व्यापारात वर आलेले गृहस्थ. ज्यांच्या वाट्याला असे घर आले नाही ते कौंटीच्या गरीबखान्यात किंवा वेड्यांच्या इस्पितळात गेले. तिथेही भिंत होतीच. व्हर्जिनियाने १८७० मध्ये केवळ कृष्णवर्णीयांसाठी वेड्यांचे इस्पितळ काढले. मेरीलँडने १९११ मध्ये क्राउन्सव्हिलला काढले, आणि त्याची इमारत रुग्णांकडूनच बांधून घेतली.

मग १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला. त्याच्या निवृत्तिवेतनातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय नेमके हेच काम करत होते. कायद्यात 'काळा' हा शब्द कुठेही नाही, आणि तरी काम झाले. हे तंत्र आपल्याला नवीन नाही. याच कायद्याने गरीब वृद्धांना रोख मदत दिली, मात्र सरकारी गरीबखान्यात राहणाऱ्याला ती मिळणार नाही अशी अट घातली. हेतू बरा असेल. परिणाम असा झाला की पैसे हातात आलेले वृद्ध खासगी घरांकडे वळले आणि शुश्रूषागृहांचा खासगी धंदा उभा राहिला. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने रुग्णालये बांधायला केंद्राचा पैसा दिला, त्यात 'वेगळी पण समान' सोय चालेल असे कलमच होते. १९५४ मध्ये त्या पैशाची वाट शुश्रूषागृहांनाही मोकळी झाली. म्हणजे ज्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात शाळांमधली वर्णभिंत बेकायदा ठरवली, त्याच वर्षी वृद्धांच्या घरांना भिंतीसकट बांधायला सरकारी पैसा मिळू लागला. हे कलम मोडायला उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबोरोचे दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स यांना न्यायालयात जावे लागले आणि १९६३ उजाडावे लागले.

१९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १ जुलै १९६६ पासून सुरू झालेली मेडिकेअर योजना यांनी मिळून रुग्णालयांचे रूप काही महिन्यांत पालटले. भेदभाव कराल तर केंद्राचा पैसा नाही, एवढ्या एका धमकीवर हजाराच्या घरातली रुग्णालये एकत्र झाली. मन बदलायची वाट कोणी पाहिली नाही, आधी तिजोरीला कुलूप लावले. पण शुश्रूषागृहांच्या बाबतीत ही धडाडी दिसली नाही. तिथे कागदावर सही पुरली. पुढे तर भेद करायला वर्णाचे नाव घ्यायचीही गरज उरली नाही. टेनेसी राज्यात शुश्रूषागृहांना आपल्या मोजक्याच खाटा गरिबांच्या मेडिकेड योजनेसाठी राखून बाकीच्या रोख पैसेवाल्यांना देता येत. त्याविरुद्धच्या लिंटन खटल्यात आकडे पुढे आले: मेडिकेडवर असलेल्यांत कृष्णवर्णीय ३९.४ टक्के, पण मेडिकेडवर शुश्रूषागृहात प्रवेश मिळालेल्यांत फक्त १५.४ टक्के. १९९० मध्ये न्यायालयाने ही पद्धत नागरी हक्क कायद्याचा भंग ठरवली. तरीही २००४ मध्ये व्हिन्सेंट मोर आणि सहकाऱ्यांनी देशभरची माहिती तपासली तेव्हा सर्वांत खालच्या दर्जाच्या, जवळजवळ पूर्णपणे मेडिकेडवर चालणाऱ्या घरांमध्ये कृष्णवर्णीय रहिवाशांपैकी ४० टक्के राहत होते आणि गोऱ्यांपैकी ९ टक्के.

आता चित्र आणखी बदलले. पैसेवाले गोरे वृद्ध अधिक सुखसोयींच्या निवासांकडे निघून गेले. १९९९ ते २००८ या काळात शुश्रूषागृहांतील गोऱ्यांची संख्या सुमारे १० टक्क्यांनी घटली, कृष्णवर्णीयांची जवळपास ११ टक्क्यांनी वाढली, आणि लॅटिनो व आशियाई वृद्धांची तर ५४-५५ टक्क्यांनी. मागे राहिलेले गोरे म्हणजे मुख्यतः गरीब गोरे. आयुष्यभर वेगळ्या वस्तीत, वेगळ्या शाळेत, वेगळ्या चर्चमध्ये राहिलेली माणसे ऐंशीव्या वर्षी प्रथमच एका खोलीत, पडद्याच्या अलीकडे-पलीकडे झोपू लागली. तीही अशा घरांत, जिथे माणूसबळ सर्वांत कमी.

ही माणसे कोण होती हे वयाचे गणित मांडले की कळते. २०१० मध्ये ८५ वर्षांची असलेली व्यक्ती १९२५ ची. ब्राऊन निकालाच्या वेळी ती २९ वर्षांची होती. तिचे बालपण, शाळा, तारुण्य, पहिली नोकरी, सगळे भिंतीच्या आतले. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेकडे एकटी चालत निघालेल्या एलिझाबेथ एकफर्डच्या मागे ओरडणारा जमाव आपण छायाचित्रात पाहिलेला आहे. त्यातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली आज ऐंशीच्या पुढे आहेत. (त्यातल्या एकीने पुढे एलिझाबेथची माफी मागितली, हेही सांगायला हवे.) १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला ठार मारले गेले. तो जगला असता तर आज शुश्रूषागृहातल्या रहिवाशांच्याच वयाचा असता. इतिहास म्हणून आपण जे वाचतो ते त्या जेवणाच्या हॉलमध्ये व्हीलचेअरवर बसलेले आहे.

आणि त्यात स्मृतिभ्रंश. १८८१ साली फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओड्यूल रिबो यांनी स्मृतीच्या ऱ्हासाचा एक नियम मांडला: नवे आधी जाते, जुने मागे राहते. ढोबळमानाने तो आजही खरा मानला जातो. कालचे जेवण जाते, नातवंडांची नावे जातात, नंतर शिकलेली भाषा जाते, आणि लहानपणीची भाषा, लहानपणीचे घर, लहानपणीची भीती उरते. सोबत मेंदूच्या पुढच्या भागाला इजा होत असेल तर तोंडावरचा लगामही सुटतो. म्हणजे १९६४ नंतर जे शिकले, सभ्यतेने जे गिळायला शिकले, ते आधी जाते. १९३५ साली आईच्या कडेवर जे शिकले ते राहते. गोऱ्या म्हाताऱ्याला समोरच्या टेबलावर कृष्णवर्णीय माणूस बसलेला दिसतो आणि त्याच्या दृष्टीने साल १९३८ असते, हे कोणी कसे चालवून घेतले हेच त्याला कळत नाही. समोरच्या कृष्णवर्णीय म्हाताऱ्याचेही साल तेच असते. त्याला 'पोऱ्या' म्हणून हाक मारली जाते. त्या काळी त्या हाकेच्या मागून काय येत असे, हे त्याचे शरीर विसरलेले नसते. एक हात अपमानाने उठतो, एक हात भीतीने. नोंदवहीत दोन्हीची नोंद एकच.

इथे घाई करून एक निष्कर्ष काढला जातो: बघा, आजाराने मुखवटा गळला, खरा चेहरा दिसला. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण ते पुरते खरे नाही. लगाम सुटलेल्या मेंदूतून माणसाने आयुष्यभर नाकारलेला शब्दही बाहेर पडतो. लहानपणी कानावर पडलेला, कधीही न वापरलेला. मुलीमुले हादरतात, आई असे कधी बोलली नव्हती म्हणतात, आणि ते खोटे बोलत नसतात. म्हणजे जे उरते ते त्या माणसाने निवडलेले मत असेलच असे नाही. समाजाने त्याच्यात, त्याला विचारता घालून ठेवलेला साठा तो. बाबासाहेबांच्या मांडणीचा दुसरा अर्धा भाग इथे कामाला येतो. जात पाळणारे लोक हा आपला खरा शत्रू नव्हे, त्यांना ती शिकवण देणारी शास्त्रे आणि त्या शास्त्रांचे पावित्र्य हा शत्रू आहे, असे त्यांनी त्याच भाषणात बजावले होते. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हातारीला आम्ही अपराधी ठरवत नाही. पण तिला निर्दोष ठरवता ठरवता सगळ्यांनाच सोडून देण्याची जी लबाडी चालते, तिला मात्र आमचा विरोध आहे.

कारण ही भांडणे केवळ मेंदूतून निघत नाहीत. मार्क लॅक्स, कार्ल पिलेमर आणि जीन टेरेसी यांच्या गटाने न्यूयॉर्क राज्यातील दहा शुश्रूषागृहांत २,०११ रहिवाशांचा अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अवघ्या महिन्याभरात ४०७ जण, म्हणजे पाचातला एक, कोणत्या ना कोणत्या आपसातील दुर्वर्तनात गुंतलेला आढळला. सर्वांत जास्त शाब्दिक, मग धमकावणे किंवा दुसऱ्याच्या खोलीत, वस्तूंत घुसणे, मग मारहाण. आणि कशाने हे प्रमाण वाढते? स्मृतिभ्रंशाचा खास विभाग असला तर वाढते, पण एका सहाय्यिकेच्या वाट्याला जास्त रहिवासी असले तरीही वाढते. अतितीव्र स्मृतिभ्रंश झालेले यात कमीच सापडले. शुश्रूषागृहात काम केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. भांडण सुरू होते ते खुर्चीवरून, टीव्हीच्या आवाजावरून, अरुंद व्हरांड्यात दोन व्हीलचेअर अडकल्यावरून, स्वच्छतागृहाला न्यायला कोणी वेळेवर न आल्यावरून. ठिणगी अशीच क्षुल्लक असते. पण भडका उडताना तोंडात जो शब्द येतो तो इतिहासाने आधीच ठेवलेला असतो. ज्या घरात चार माणसांच्या कामाला दोन माणसे आहेत तिथे ठिणग्या जास्त, विझवायला कोणी नाही. आणि अशी घरे कोणाच्या वाट्याला आली, ते आपण वर पाहिलेच.

आता त्या नोंदवहीकडे वळू. अमेरिकेत प्रत्येक शुश्रूषागृहाला रहिवाशांच्या वर्तनाची ठरावीक सरकारी तक्त्यात नोंद करावी लागते. त्यात 'इतरांच्या दिशेने शारीरिक वर्तन' असा रकाना आहे. ते 'इतर' म्हणजे कर्मचारी की शेजारचा रहिवासी, हे तो रकाना विचारत नाही. आधी कोण बोलले, काय बोलले, हेही नाही. हात उचलला तेवढे उरते. मग आक्रमक कोण ठरतो?

या प्रश्नालाही वंशावळ आहे. १८५१ मध्ये लुइझियानाचा डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट याने गुलामांच्या पळून जाण्याच्या इच्छेला 'ड्रॅपटोमेनिया' नावाचा मानसिक आजार ठरवले होते. १९६०-७० च्या दशकात, नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर असताना, मिशिगनमधील आयोनियाच्या सरकारी मनोरुग्णालयात स्किझोफ्रेनियाचे निदान हळूहळू गोऱ्या गृहिणींवरून कृष्णवर्णीय पुरुषांवर कसे सरकले, हे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन मेट्झल यांनी कागदपत्रांतून दाखवले आहे. १९७४ मधली हॅल्डॉल या औषधाची जाहिरात त्यांनी छापली आहे: शहरी रस्त्यावर मूठ आवळून उभा असलेला संतप्त कृष्णवर्णीय माणूस, आणि त्याला सहकार्याच्या वाटेवर आणणारे औषध! पँथरची मूठ आणि रोगाचे लक्षण, दोन्ही एकच. १९७२ मध्ये त्याच मुठीपासून प्रेरणा घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपण विसरू नये.

हॅल्डॉलसारखी औषधे पुढे शुश्रूषागृहांत सर्रास आली, रुग्ण बरा व्हावा म्हणून कमी आणि गप्प राहावा म्हणून जास्त. १९८७ च्या सुधारणा कायद्याने बांधून ठेवणे आणि औषधाने जखडणे या दोन्हींवर बंधने घातली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा औषध नियामकांनी २००५ आणि २००८ मध्ये दिला. २०१२ पासून प्रत्येक घरात ही औषधे किती दिली जातात ते जाहीर करून कमी करण्याची मोहीम सुरू झाली. त्यात एक सूट होती: स्किझोफ्रेनिया असलेला रुग्ण मोजायचा नाही. पळवाट कळायला धंद्याला वेळ लागत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या मोहिमेनंतर स्मृतिभ्रंश झालेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसण्याची शक्यता गोऱ्यांच्या १.७ पट होती. स्किझोफ्रेनिया हा तरुणपणी सुरू होणारा आजार, आणि निदान ऐंशीव्या वर्षी!

जाता जाता एका माणसाची आठवण. आलॉइस अल्झायमर यांच्या हाताखाली १९०४ मध्ये म्युनिकला शिकलेल्यांत एक कृष्णवर्णीय डॉक्टर होता. सॉलोमन कार्टर फुलर. लायबेरियात जन्मलेले, गुलामांचे नातू. १९१२ मध्ये त्यांनी अल्झायमरच्या आजाराचा तोवरचा सर्वांत सविस्तर आढावा इंग्रजीत लिहिला. बॉस्टन विद्यापीठात अनेक वर्षे चेतासंस्था विभाग त्यांनी प्रत्यक्षात चालवला, पण १९३३ मध्ये प्राध्यापकपद त्यांच्याहून कनिष्ठ गोऱ्याला दिले गेले. ते बाहेर पडले. स्मृतिभ्रंशाचे शास्त्र उभे करणाऱ्यांत एक आपल्यासारखाच होता, आणि त्या शास्त्राच्या स्मृतीतूनच तो पुसला गेला.

"आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नका." या वाक्याचे पुढे काय झाले? इंडियाना राज्यातील एका शुश्रूषागृहात एका गोऱ्या रहिवासी बाईला कृष्णवर्णीय सहाय्यिका नको होती. व्यवस्थापनाने तिला समजावण्याऐवजी रोजच्या कामाच्या कागदावर तशी सूचनाच छापली. एकदा ती बाई खोलीत जमिनीवर पडलेली एका कृष्णवर्णीय सहाय्यिकेला दिसली. तिला उचलायचे सोडून ही इमारतभर गोरी सहाय्यिका शोधत फिरली, कारण हुकूम तसा होता. वर्णद्वेषाची सोय करून देण्यात त्या म्हातारीचे तरी काय भले झाले? ती जमिनीवरच पडून राहिली. 'चेनी विरुद्ध प्लेनफील्ड हेल्थकेअर सेंटर' या खटल्यात २०१० मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की रहिवाशाची आवड ही वर्णभेदाची सबब होऊ शकत नाही. आणि नुसते नाही म्हणून थांबले नाही, काय करता आले असते तेही सांगितले: प्रवेश देतानाच धोरण सांगून लेखी संमती घ्या, नंतर वर्तन बदलायचा प्रयत्न करा, कर्मचाऱ्यांना संरक्षण मागता येईल हे त्यांना कळवा. २०१८ मध्ये इलिनॉयच्या एका निवासात एका समलिंगी वृद्धेला इतर रहिवाशांनी छळले, ढकलले. त्या 'वेट्झल' खटल्यात याच न्यायालयाने म्हटले की माहीत असूनही मालक गप्प बसला तर गृहनिवास कायद्याखाली तो जबाबदार ठरू शकतो. हा कायदा १९६८ चा, मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात संमत झालेला, मुळात वर्णभेदाविरुद्धचा. २०१९ मध्ये मिसिसिपीतील एका खटल्यात आणखी एका अपील न्यायालयाने स्पष्ट केले की त्रास देणाऱ्या रहिवाशाला स्मृतिभ्रंश आहे एवढ्याने संस्थेची सुटका होत नाही. तिन्ही निकालांत आजारी माणसाला शिक्षा नाही. जाब विचारला गेला तो चालवणाऱ्याला.

मग सोपा उपाय म्हणून वेगळे ठेवायचे का? व्यवस्थापकांना तो मनापासून आवडतो. खोली बदला, टेबल बदला, 'आपापल्या माणसांत' बसवा, भांडण मिटते. पण हलवले कोणाला जाते ते पाहा. शिवी देणारा खिडकीजवळ राहतो आणि शिवी खाणारा व्हरांड्याच्या टोकाला जातो. १९६४ पर्यंत कायद्याने जे केले ते आता वर्तन-व्यवस्थापनाच्या नावाने होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधील ऑन लोक ही १९७१ पासूनची संस्था, किंवा लॉस एंजेलिसमधील जपानी अमेरिकनांची केइरो, ही वेगळी गोष्ट. आपल्या म्हाताऱ्यांना आपल्या भाषेत कोणी बोलावे, ताटात भात असावा म्हणून त्या समाजाने स्वतः उभारलेली ती घरे. टबमन यांच्या घराच्याच जातकुळीची. स्वतः उभारलेले वसतिगृह आणि गावाबाहेर ढकललेली वस्ती यांतला फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी. केइरोची शुश्रूषागृहे २०१६ मध्ये एका खासगी कंपनीला विकली गेली, समाजाने विरोध करूनही.

मित्रांनो, आता वयाचे तेच गणित आपल्याकडे करा. संविधानाचे कलम १७ लागू झाले २६ जानेवारी १९५० रोजी. आज नव्वदीत असलेला माणूस तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. वेगळा पाणवठा, वेगळा कप, शाळेत वेगळी बसायची जागा हे त्याने वाचलेले नाही, पाहिलेले आहे. वरून किंवा खालून. देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यात पेला भिरकावणाऱ्या आजी आहेत. त्यात आपलेही आजोबा आहेत, जे शहरातल्या फ्लॅटमध्ये चाळीस वर्षे राहूनही एखाद्या संध्याकाळी उंबऱ्याबाहेर चप्पल हातात घेऊन उभे राहतील आणि कोणी 'ये' म्हणेपर्यंत आत येणार नाहीत. त्यांना वृद्धाश्रमात ठेवायची वेळ आली तर तिथे कोणाच्या शेजारी खाट मिळेल? प्रवेशअर्जावर आडनावाखेरीज काय विचारले जाईल? ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचे कलम १९ जिल्ह्याला किमान एक, किमान १५० निराधार वृद्धांचे निवासस्थान काढण्याची तरतूद करते. तीही 'काढता येईल' अशी, 'काढावेच लागेल' अशी नव्हे. तिथे दोन रहिवाशांत जातीवरून काही घडले तर कोणी काय लिहायचे, याचा रकाना आम्ही पाहिलेल्या एकाही नोंदवहीत नाही.

त्या कार्यकर्तीने ते काम शेवटी सोडले. परवा आम्ही तिच्यासोबत ब्यूरोच्या कार्यालयात गेलो होतो, उरलेला पगार घ्यायला. रजिस्टर टेबलावर उघडेच होते. तिच्या नावापुढे, काम संपल्याचे कारण या रकान्यात, निळ्या पेनाने लिहिले होते: 'पेशंटला सूट झाली नाही.' आम्ही ते खोडून काय घडले ते लिहायला सांगितले. मॅनेजर म्हणाला, एवढी जागा नाही. मग आम्ही वेगळ्या कागदावर अर्ज लिहून दिला आणि पोचपावतीवर त्याची सही घेतली.